बिऱ्हाडगाडीचं पाणी

भात कापायला आलं की मला लाज वाटायला लागते. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. इतरांना ह्या दिवसांत दिवाळी आठवते, माहेर आठवतं, नव्या तांदळाचा भात आठवतो. मला एक पितळी तोटी आठवते. सकाळी उत्रोलीच्या बाजूला फिरायला निघावं, दव पडलेलं असतं, शेतं पिवळी होऊन वाकलेली असतात, कुठंतरी विळ्यांची खसखस सुरू झालेली असते. तो आंबेमोहोराचा वास नाकात शिरला की माझी मान आपोआप खाली जाते. बायको होती तोवर म्हणायची, "ह्या दिवसांत तुम्ही असे घुमे का होता हो?" मी म्हणायचो, पित्त झालंय. ती बिचारी कोकम सरबत करून द्यायची.

ह्या वर्षी पित्ताचं निमित्तही चाललं नाही. परवा आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. तिशीतलं जोडपं. गाडीतच बिछाना, गाडीतच शेगडी, गाडीतच भांडी घासायची मोरी. राजगडाकडे चाललेत, दोन दिवस मुक्काम करू का, असं विचारायला आले. मी म्हटलं, करा. टाकीत पाणी भरायला नळी लावून दिली आणि रिकामटेकड्या म्हाताऱ्याच्या हक्कानं आत डोकावलो. मोरीच्या खाली तीन पारदर्शक नळकांडी ओळीनं बसवलेली होती. एकात पांढरं काहीतरी, एकात काळं, एकात बारीक दोऱ्यासारखं. ती मुलगी म्हणाली, "आजोबा, हा फिल्टर आहे. पाणी कुठलंही भरा, इथून चांगलंच येतं."

"काळं आहे तो करवंटीचा कोळसा ना?" मी विचारलं.

ती चकित झाली. "तुम्हाला यातलं कळतं?"

"आम्ही असा एक केला होता," मी म्हणालो. "तुमच्यासारख्याच गाडीसाठी. पन्नास वर्षं झाली."

"तुम्ही केला होता?"

"हो," मी म्हणालो. "मीच."

झालं. इतकी वर्षं हेच सांगत आलोय, जीभ आपोआप तिकडंच वळते. घरी आलो आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मोठ्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष होतं. मी भोरला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचो. सव्वीस वर्षांचा, अंगात नवा टेरिकॉटचा शर्ट आणि डोक्यात भलताच वारा. गावात कोणाचा रेडिओ बिघडला तरी मला बोलावत आणि मीही जायचो, येत काही नसलं तरी. अशात पुण्याहून नाना आणि लीलाताई हे जोडपं आलं. नाना नोकरीतून निवृत्त झालेले, लीलाताई चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. त्यांनी लिलावात एक जुनी रुग्णवाहिका घेतली होती आणि तिच्यात संसार थाटला होता. दोन फळ्यांच्या खाटा, एक स्टो, एक कपाट, टपावर पत्र्याची टाकी. पोरांनी तिचं नाव पाडलं बिऱ्हाडगाडी. लीलाताईंना सह्याद्रीतली रानफुलं काढायची होती. पाऊस सरून गवत वाळेपर्यंतचे तीन महिने गडागडाच्या पायथ्याला राहायचं आणि कागदावर फुलं उतरवायची, असा बेत. अडचण एकच होती. आदल्या वर्षी लीलाताईंना मोठी कावीळ झालेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी सांभाळा, नाहीतर घरी बसा.

म्हणजे सगळा बेत पाण्यावर अडलेला. कोणीतरी त्यांना सांगितलं, हायस्कूलच्या सरांना विचारा. सर काय, तयारच होते. पुस्तकात आकृती होती: खाली खडी, वर जाड वाळू, मग बारीक वाळू, मध्ये कोळसा. वर्गात काचेच्या नरसाळ्यात मी ती दरसाल करून दाखवायचो. गढूळ पाणी वरून ओतायचो, खालून नितळ आलं की पोरं आ वासायची, आणि मी खडू हातात धरून म्हणायचो, "लक्षात ठेवा, पाण्याला जात नसते." हे वाक्य मला फार आवडायचं.

वाळू धुवायला किसनला बोलावलं. किसन बांधकामावर वाळू चाळायचा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, पण मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला मास्तर, तुमी म्हणायचा. आता लिहितानासुद्धा एकेरीच येतंय, बघा. त्याचं घर बौद्धवाडीत, ओढ्याच्या पलीकडं. मधली दोन वर्षं तो एका शहरात पाण्याच्या कामावर होता, तिथं पाणी गाळायचे मोठमोठे हौद बांधत होते. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, कारण आकृती माझ्याकडं होती.

तांबटाकडून पत्र्याचा उंच डबा करून घेतला, खाली पितळी तोटी बसवली, डबा गाडीत खाटेच्या पायथ्याला आवळला. मग गाडी घेऊन निघालो. नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागायचं आणि गुंजवण्यापर्यंत जायचं, हादऱ्यांनी काय होतंय ते बघायचं. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. दोन्ही बाजूंना कापणी चाललेली, बायका कमरेत वाकलेल्या, आमची गाडी बघून उभ्या राहायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. पुढं नाना, लीलाताई आणि मी. मागं किसन डब्याला कान लावून बसलेला. मला त्याचं हसू आलं. मी म्हटलं, "काय रे, नाडी बघतोस काय?"

"वाळू सरकतीया मास्तर," तो म्हणाला. "आवाज येतुया."

गुंजवण्याला राजगडाच्या सावलीत गाडी उभी केली, ओढ्याचं पाणी भरलं, तोटी सोडली. काळं पाणी आलं. कोळशाचे कण, वाळू, सगळं एकत्र. लीलाताईंनी पेला उजेडात धरला आणि म्हणाल्या, "सर, काढा छान झालाय." नाना हसले. मीही हसलो, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. किसन हसला नाही. त्यानं डब्याचं झाकण काढून आत हात घातला, कडेनं बोट फिरवलं आणि म्हणाला, "पाणी आळशी असतंय मास्तर. सोपी वाट दिसली की वाळूत कशाला शिरंल? पत्रा गुळगुळीत हाय, त्ये कडंकडंनं खाली पळतंय."

पुढचे आठ दिवस त्यानं तो डबा नव्यानं केला. आतून पत्र्याच्या दोन पट्ट्या तांबटाकडून गोल डाख देऊन बसवून घेतल्या, म्हणजे कडेनं पळणारं पाणी त्या पट्टीला अडून परत वाळूत शिरेल. खडी, वाळू, कोळसा, प्रत्येक थराच्या मध्ये भोकाचा पत्रा आणि धुतलेलं मांजरपाटाचं कापड. सगळ्यात वर काथ्या दाबून भरला आणि त्यावर झाकण आवळलं. "गाडी उडली तर काथ्या दबंल, वाळू हलायची न्हाई," तो म्हणाला. वाळू नीरेच्या पात्रातून आणली. ती त्यानं सात पाण्यांनी धुतली. सहाव्या पाण्याला मी म्हटलं, "आता पुरे की. नितळ दिसतंय." त्यानं चिमूटभर वाळू दाताखाली धरली, थुंकला आणि म्हणाला, "अजून माती हाय." आमच्या परसात त्या दिवसांत तीनच आवाज असायचे. शेजारच्या खळ्यावर भात झोडल्याचा, तांबटाच्या हातोडीचा आणि किसनच्या पाटीतल्या वाळूचा.

एक गोष्ट आज सांगायला हवी. त्या आठ दिवसांत किसनचे हात त्या डब्यात कोपरापर्यंत गेले होते. कोणी काही बोललं नाही. आमच्याकडं रीतच तशी होती. कोरड्या वस्तूला विटाळ नसायचा. वाळू, कोळसा, पत्रा, धान्याचं पोतं, कोणीही उचलावं. पाणी आलं की रीत बदलायची. ज्या सकाळी डबा भरायचा, त्या सकाळी किसन पाना खाली ठेवून आपसूक दहा पावलं मागं सरकला, आणि कळशी मी ओतली. मी त्याला जा म्हटलं नाही. ये असंही म्हटलं नाही. तसं आमचं घर सुधारकी. आम्ही भांडत नव्हतो, शिवाशिव पाळतो असं म्हणत नव्हतो. बौद्धवाडीत कधी जाणं झालं आणि कोणी पाणी पुढं केलं, तर आमच्या आळीतली सगळी माणसं एक वाक्य म्हणायची: "आत्ताच पिऊन आलो." किती सभ्य वाक्य. कोणाला दुखवायचं नाही, आणि प्यायचंही नाही.

दुसऱ्या फेरीला तोटीतून आलं ते पाणी मी आजही डोळ्यांपुढं आणू शकतो. पेल्याचा तळ दिसत होता, तळावर कोरलेली फुली दिसत होती. लीलाताई प्यायल्या, परत भरून घेतलं, परत प्यायल्या. मग म्हणाल्या, "हे किसनचं पाणी हं सर. तुमच्या काढ्यापेक्षा बरं आहे." चेष्टाच होती. बाईंच्या मनात काळंबेरं नव्हतं. पण ते नाव मला झोंबलं, आणि त्या झोंबण्यानंच पुढं सगळा घात केला. रीत, जात ह्या मागाहून आणलेल्या सबबी. मूळ दुखणं हे, की माझ्या डब्याला दुसऱ्याचं नाव मिळालं होतं.

नाना संध्याकाळी किसनला धरणाकडच्या रस्त्यावर गाडी चालवायला शिकवू लागले. तिसऱ्या दिवशी त्यानं गाडी सरळ नेली आणि सरळ परत आणली. गाडीतून उतरला तेव्हा त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. मला म्हणाला, "मास्तर, नानांनी इचारलंय, येतोस का आमच्यासंगं. तीन म्हैने. लायसन काढून देतो म्हनले. मी डायवर झालो तर पाटीत हात न्हाई घालाय लागायचा." त्याच्या हातांच्या भेगांत वाळू भरलेली असायची, ती धुतली तरी निघायची नाही. "घरला इचारलं, ती बी जा म्हनली. लई वाटतंय जावंसं." मी म्हटलं, "वा, चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी लीलाताई बांधावर बसून सोनकीचं फूल काढत होत्या. ब्रश न उचलता म्हणाल्या, "सर, किसनला घेऊन जातोय आम्ही. तुम्ही त्याला ओळखता. तुमचं काय मत?"

एवढंच विचारलं होतं. चांगला आहे, न्या, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "माणूस चांगला आहे. पण पुढची गावं कशी असतील सांगता येत नाही. तुम्ही विहिरीवर पाणी मागणार, आणि कळशी त्याच्या हातात. तुम्हालाच त्रास होईल."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "आम्हाला काही त्रास नाही. होईल ते बघू. त्याला यायचंय ना?"

आता माझ्याकडं सबब उरली नव्हती. आणि माझ्या तोंडून शांतपणे, अगदी वर्गात बोलतो तसं, वाक्य आलं: "खरं सांगायचं तर त्याचंच मन नाही. घरची अडचण आहे. तुम्हाला नाही म्हणायला संकोचतोय. तुम्ही परत विचारू नका, त्याला अवघड वाटेल."

लीलाताईंना वाईट वाटलं. "आधी सांगायचं की," म्हणाल्या आणि परत चित्राकडं वळल्या. पिवळा रंग जरा पसरला होता तो त्यांनी बोटानं टिपला. त्याच संध्याकाळी मी ओढ्याच्या अलीकडं उभा राहून किसनला निरोप दिला. "त्यांचं ठरलंय दोघांनीच जायचं. आता परत विचारू नकोस, बरं दिसत नाही." तो म्हणाला, "बरं."

गाडी निघायच्या सकाळी धुकं होतं. किसन आला. केस कापलेले, धुतलेला सदरा. ती तयारी त्यानं आधीच करून ठेवलेली असणार. हातात मांजरपाटाची पुरचुंडी होती. नानांपुढं धरून म्हणाला, "धुतलेली वाळू हाय. पंधरा दिसांनी वरची च्यार बोटं बदला." नानांनी ती घेतली. त्यांना वाटत होतं हा आपल्याला नाही म्हणाला, म्हणून ते जरा तुटक बोलले. किसनला वाटत होतं ह्यांनी आपल्याला नाकारलं, म्हणून तो डोळे वर करत नव्हता. दोघंही भली माणसं, एकमेकांना अवघड वाटू नये म्हणून जपत होती. मी मध्ये उभा होतो. एक शब्द पुरला असता. गाडी सुरू व्हायला चार वेळा हँडल मारावं लागलं, म्हणजे देवानं वेळही भरपूर दिला होता.

महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं. तोवर कापणी संपली होती, शेतांत नुसती खुटं उरली होती, मेंढरं बसवायला धनगर आले होते. लीलाताईंनी लिहिलं होतं: तोटीचं पाणी पुन्हा गढूळ यायला लागलं आहे. पुरचुंडीतली वाळू संपली. नवी वाळू आम्ही धुतली पण जमत नाही. किसनला घर सोडून यायचं नव्हतं हे आम्ही समजू शकतो, त्याच्यावर राग नाही. पण त्याला विचारून एवढं कळवाल का, वाळू कशी निवडायची आणि किती वेळा धुवायची? मी पुन्हा आजारी पडले तर हे सगळं इथंच सोडून परतावं लागेल.

पुस्तकात उत्तर नव्हतं. मी पुस्तक उघडून पाहिलंही, इतका मी नीच. शेवटी ओढा ओलांडून गेलो. किसनच्या घरी पहिल्यांदाच. सारवलेली जमीन, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात एकावर एक तीन मडकी. मधल्या मडक्यात वाळू, वरच्यात पाणी. थेंब थेंब खाली पडत होतं. त्यानं घरच्यासाठीही तेच केलं होतं. त्याच्या बायकोनं खालच्या मडक्यातून तांब्या भरला आणि माझ्यापुढं ठेवला. ऊन चढलेलं, मी चालून आलेलो, घसा कोरडा पडलेला. मी म्हणालो, "राहू द्या वहिनी. आत्ताच पिऊन आलो."

तांब्या तिथंच राहिला.

मी किसनला सांगितलं, लीलाताईंचं कार्ड आलंय, वाळूचं विचारतायत. कार्ड माझ्या खिशात होतं. मी ते वाचून दाखवणार होतो, मधलं वाक्य गाळून. त्यानं हात पुढं केला. तो चौथी शिकलेला होता हे मला ठाऊक होतं, पण लक्षातच नव्हतं. कार्ड द्यावं लागलं. त्यानं दाराच्या उजेडाला धरून एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. एका जागी बोट थांबलं. मी जमिनीकडं बघत होतो.

मग त्यानं कार्ड माझ्या हातात दिलं आणि वाळूचं सांगायला लागला. नदीच्या वळणावरची घ्या, मधली नको. मूठ आवळून सोडली की हाताला चिकटायला नको. सात पाण्यांनी धुवा, सातवं पाणी पेल्यात घेऊन बघा, दाताखाली धरून बघा. उन्हात वाळवा. कोळसा बदलला का तेही विचारा. एकही गोष्ट त्यानं हातची राखली नाही. मी लिहून घेतलं. उठताना मी कसंबसं म्हणालो, "किसन, मी लिहितो त्यांना. तुझ्या नावानंच लिहितो सगळं."

"नगं मास्तर," तो म्हणाला. "तुमच्याच नावानं लिवा. माझ्या नावानं एवढं बारीकसारीक ग्येलं तर त्यास्नी वाटंल, ह्याला यायचं व्हतं. बाईस्नी वाईट वाटंल."

रागावला असता, चार लोकांत माझी अब्रू काढली असती, तर मी कदाचित सुटलो असतो. त्यानं तसं काही केलं नाही. मी माझ्या नावानं पत्र लिहिलं. लीलाताईंचं आभाराचं उत्तर आलं, पाणी नितळ येतंय म्हणून. त्यांचे तीन महिने पार पडले. पुढं त्यांची गाठ पडली नाही. किसन बाजारात दिसायचा, डोक्यावर पाटी, खांद्यावर चाळणी. "काय किसन?" "बरं हाय मास्तर." इतकंच. मी दरसाल वर्गात नरसाळं मांडायचो आणि सांगायचो, मी एकदा एका गाडीसाठी फिल्टर केला होता, त्याला आतून पत्र्याची पट्टी लावायची असते. पोरं आ वासायची. पाण्याच्या जातीचं वाक्य मात्र मी पुन्हा म्हटलं नाही. तेवढीच काय ती माझी सुधारणा. किसन जाऊन आता बारा-तेरा वर्षं झाली. मयताला गेलो होतो. ओढ्याच्या अलीकडूनच परत आलो.

आज सकाळी त्या जोडप्याची निघायची तयारी चालली होती. मी गाडीपाशी गेलो. म्हटलं, "परवा तुम्हाला खोटं सांगितलं. तो फिल्टर मी केला नव्हता. किसन म्हणून एक जण होता, त्यानं केला. माझा तर बिघडला होता."

मुलगी हसली. "अहो आजोबा, त्यात काय एवढं. मग ते किसनकाका गेले का त्या गाडीतून फिरायला?"

"नाही," मी म्हणालो. "त्याला फार जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही."

हे वाक्य मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. तिला काय कळलं कोण जाणे. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग मोरीपाशी वाकून पेला भरला आणि माझ्यापुढं धरला. "आजोबा, पाणी घ्या."

आत्ताच पिऊन आलो, हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. सवय जात नाही. मी ते गिळले, पेला घेतला आणि उभ्यानंच सगळा प्यालो. थंड होतं, चांगलं होतं. पलीकडच्या शेतात कापणीला लागलेल्या बायका बांधावर बसून न्याहारी करत होत्या. रिकामा पेला परत देताना मनात एकच आलं, की किसनच्या घरच्या त्या तांब्यातल्या पाण्याची चव मला आता कधीच कळायची नाही.